जठर, शल्यवैद्य आणि होणारी आई

शस्त्राने माणसाचे वजन उतरविता येते, हे शल्यवैद्यांना एका निराळ्याच रोगाने दाखवून दिले. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगाने ग्रासलेला भाग कापून काढला व उरलेले जठर आतड्यास जोडले. ती त्या शस्त्रक्रियेतून उठली. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जठरातील व्रणावर अशीच शस्त्रक्रिया सर्रास होत असे. व्रण बरा होई. पण रोगी मात्र अंग धरीत नसे. कितीही खाऊ घाला, तो वाळलेलाच. शल्यवैद्य यास उपद्रव समजत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी त्या उपद्रवालाच उपचाराचे रूप दिले, आणि १९६६ साली चिकाशी इटो या सहकाऱ्यासह स्थूलतेवरील पहिला ‘गॅस्ट्रिक बायपास’ केला.

त्याआधी मिनेसोटात निराळाच प्रयोग झाला होता. लहान आतड्याचा वरचा भाग थेट त्याच्या शेपटाशी जोडावयाचा, म्हणजे अन्न पचण्याआधीच पुढे निघून जाईल, ही युक्ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. वजन झपाट्याने उतरे खरे. परंतु यकृत बिघडे, मुतखडे होत, आणि काही रोगी दगावलेही. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया मागे पडली. तिचे स्मरण ठेवणे मला आवश्यक वाटते. वजन किती उतरले एवढेच मोजीत बसले, तर शरीराने त्याची कोणती किंमत मोजली ते हिशेबात येत नाही, आणि त्या देहात उद्या दुसरा जीव वाढावयाचा असेल, तर ही किंमत दोघांच्या नावे मांडावी लागते.

मी वैद्य नव्हे. इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि शासकीय सेवेत शिरलो. पण जबलपुरास राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने गेल्या वर्षी मला या विषयात ओढले. येथील मराठी माणसाचे नागपूरशी नाते जुने. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि १९५६ पर्यंत आमच्या प्रांताची राजधानीही नागपूरच होती. राजधानी भोपाळास गेली, तरी दुखणे अवघड झाले की आमची पावले नागपूरच्या गाडीकडे वळतात. त्या घरची तेहतीस वर्षांची सून अशीच नागपूरला दाखवून आली. पाळी अनियमित, वजन अतोनात, लग्नाला सहा वर्षे झालेली, मूल हवे. शल्यवैद्यांनी दोन नावे सांगितली होती, स्लीव्ह आणि बायपास, आणि यांतील एक निवडा म्हणून सांगितले होते. तिचे सासरे मला म्हणाले, “साहेब, या दोन्हींची कुळकथा तरी सांगा.”

कुळकथा अशी. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा बाहेर काढतात. उरते ती अंगरख्याच्या बाहीसारखी अरुंद नळी. १९८८ पासून ही एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ पहिला भाग म्हणून होत असे; पुढे रोगी एवढ्यानेच बारीक होतात असे दिसल्यावर ती स्वतंत्र झाली. बायपासमध्ये जठराच्या माथ्याशी एक इवलीशी पिशवी राखून ती सरळ लहान आतड्यास जोडतात. काही कापून टाकीत नाहीत, पण अन्नाची वाट बदलते. जठराचा मोठा भाग आणि त्यापुढचे आद्यांत्र वगळले जाते. लोह आणि चुना शरीरात प्रामुख्याने शिरतो तो याच आद्यांत्रातून. मधुमेह असेल, किंवा छातीत आंबट जळजळ होत असेल, तर बायपास सरस ठरतो. स्लीव्हने जळजळ वाढू शकते. पोषणाची तूट मात्र सामान्यतः बायपासमध्ये अधिक.

आता हा हिशेब आपल्या मुलखाकडे वळविला पाहिजे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज वैद्यविदुषी मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत गिरणगावातील गर्भवतींच्या भयंकर पंडुरोगाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले, आणि गर्भ राहण्याआधीपासून ते घेतल्यास बाळाच्या पाठीच्या कण्यातील व्यंग पुष्कळ अंशी टळते, हे १९९१ साली सिद्ध झाले. साऱ्या जगातील गर्भवतींच्या हाती पडणारी ती गोळी परळच्या चाळींची ऋणी आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

दुसरा धडा पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फॉलिक आम्लाची वाण जवळजवळ नव्हतीच. ब-१२ मुख्यतः दूध, अंडी, मांस यांतून मिळते, आणि ते आतड्यात शोषले जाण्यास जठरातून स्रवणारे एक द्रव्य लागते. जठर कापले वा वगळले, की तेच द्रव्य उणे होते. शाकाहारी घरातील मराठी मुलगी मुळातच अर्धी शिधा घेऊन या शस्त्रक्रियेस जाते. हे परदेशी पाठ्यपुस्तकातील रुग्णाच्या बाबतीत तितके खरे नाही, आणि म्हणून परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलू नये असे मला वाटते.

बाळांचे काय होते? स्वीडनमधील ५९६ बाळंतपणांची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्या मातांपैकी जवळजवळ सर्वांचा बायपास झालेला होता. त्यांच्यापैकी १.९ टक्क्यांना गर्भारपणीचा मधुमेह झाला. शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच स्थूल स्त्रियांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. अवाढव्य बाळे पुष्कळ कमी झाली. पण दिवसांच्या मानाने लहान बाळे १५.६ टक्के जन्मली, इतरांत ती ७.६ टक्के होती. एका हाताने मिळाले, दुसऱ्या हाताने काही गेले.

मी त्या कुटुंबास सांगितले ते असे. मधुमेह नाही, जळजळ नाही, घर शाकाहारी, आणि आयुष्यभर गोळ्या घेण्याची शिस्त सर्वांना साधतेच असे नाही. तेव्हा स्लीव्हकडे कल ठेवून शल्यवैद्यांशी बोला. ब-१२ आणि लोह आधी तपासून घ्या, उणे असल्यास आधी भरून काढा. शस्त्रक्रियेनंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये. तेहतिसाव्या वर्षी ही प्रतीक्षा जड जाते हे खरे, पण वजन घसरत असतानाचे गर्भारपण बाळाच्या वाट्यास उपासमार आणू शकते. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि गर्भ अनपेक्षितपणे राहतो. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबूही नये, कारण तीही नीट शोषली जाईलच असे नाही.

सासूबाईंनी विचारले, बाळंतपण जबलपुरातच करावयाचे ना? करावे. एल्गिन रुग्णालय, ज्यास आता राणी दुर्गावतीचे नाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या येथील लेकीसुनांची बाळंतपणे करीत आले आहे. मात्र कोठेही नाव घालताना शस्त्रक्रियेचा कागद पहिल्याच दिवशी पुढे ठेवावा. बायपास झालेल्या गर्भवतीस ग्लुकोजचे पाणी पाजून मधुमेहाची परीक्षा करू लागले, तर साखर एकदम आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, घेरी सुरू होते. तिने घरीच आठवडाभर बोटाच्या रक्तावरून साखर मोजून दाखवावी हे बरे. आणि बायपास झालेल्या गर्भवतीच्या पोटात कळा येऊ लागल्या, तर त्या वायूच्या म्हणून ओवा देऊन घरी थांबू नये. वाढते गर्भाशय आतडी वर ढकलते, आणि शस्त्रक्रियेने राहिलेल्या फटीत आतडे अडकून पिळले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी रात्र असली, तरी शल्यवैद्यास उठवावे.