व्हायकिंगांचे लोकरी शीड

१/ व्हायकिंग म्हटले की आठवते ते लांब, निमुळते जहाज. १९६२ मध्ये डेन्मार्कच्या रोस्किल्ड खाडीतून अशा पाच जहाजांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. लाकूड टिकले होते, शिडे नाहीत. ती कशाची होती?

२/ एक महत्त्वाचा दुवा उत्तर नॉर्वेतील ट्रॉन्डेनेसच्या मध्ययुगीन चर्चमध्ये सापडला. छताशी फटी बुजवण्यासाठी कोंबलेल्या चिंध्या जुन्या शिडाच्या निघाल्या, आणि ते शीड लोकरीचे होते!

३/ उत्तरेकडील जुन्या जातीच्या मेंढ्यांची लोकर दुपदरी असते. बाहेरचे लांब, राठ केस कातून मजबूत ताणा होई; आतल्या मऊ लोकरीचा बाणा फुगून वीण भरून काढी.

४/ तरीही कापडातून वारा निसटे. म्हणून त्यावर चरबी, गेरू आणि पाइनच्या डांबराचा लेप चढवीत. गेरूचे बारीक कण छिद्रे बुजवीत, चरबी त्यांना धरून ठेवी, डांबर ओलाव्यापासून राखण करी. कापड मात्र लवचीकच राही.

५/ रोस्किल्डच्या संग्रहालयाने बांधलेल्या 'ओट्टार' या प्रतिकृतीचे शीड सुमारे ९० चौरस मीटरचे आहे. एवढ्या कापडाचे सूत हाताने कातायचे, तर एका व्यक्तीची कित्येक वर्षे खर्ची पडतील.

६/ त्या समाजात सूतकताई आणि विणकाम प्रामुख्याने स्त्रियांकडे होते. सागांमधून नावे उरली ती बहुतांशी जहाजे हाकणाऱ्यांची. पण त्या जहाजांना समुद्रापार नेणारा वारा या अनामिक स्त्रियांनी विणलेल्या कापडातच अडवला जाई.