धर्मकार्यांत स्त्रियांचें स्थान : मेरी वॉर्ड यांची हकीकत

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण देवाचे आभार मानतों, तेव्हां मंदिर उभारणारे धर्मगुरु व त्यांस साहाय्य करणारे पुढारी यांचीं नांवें साहजिकच प्रथम ओठांवर येतात. मुलींस अक्षरओळख करून देणाऱ्या, आजाऱ्यांच्या उशाशीं बसणाऱ्या धर्मभगिनींची आठवण बहुधा शेवटीं निघते. मठाच्या भिंतींबाहेर येऊन शाळा चालविणारी धर्मभगिनी आज आपणांस इतकी परिचित आहे कीं, एके काळीं हेंच कार्य तिला निषिद्ध होतें, हें खरेंही वाटूं नये. हा मार्ग कोणत्या किंमतीनें मोकळा झाला, हें कळावें म्हणून मेरी वॉर्ड या इंग्रज बाईंची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

मेरीबाईंचा जन्म २३ जानेवारी १५८५ रोजीं यॉर्कशायर प्रांतांत झाला. त्या वेळीं इंग्लंडांत मिस्सा ऐकणें हा गुन्हा होता, आणि धर्मगुरूस आसरा देणाऱ्यास देहांताची शिक्षा होऊं शके. मेरीबाईंच्या आजीनें श्रद्धेपायीं अनेक वर्षें तुरुंगवास भोगला. धर्मगुरु रात्रीं लपून येत व लपून जात. घराची श्रद्धा जागती ठेवीत त्या स्त्रियाच. लहानपणीं पाहिलेलें हें दृश्य मेरीबाई कधींच विसरल्या नाहींत.

१६०६ सालीं त्या समुद्रापलीकडे सेंट ओमेर येथें जाऊन संत क्लॅराच्या संघांत शिरल्या. परंतु कोंडून घेतलेलें जीवन आपणांसाठीं नाहीं, अशी त्यांची खात्री झाली, व कांहीं सहकारिणींसह त्यांनीं तेथेंच मुलींची शाळा काढली. १६११ सालीं प्रार्थनेंत त्यांस स्पष्ट प्रेरणा झाली, कीं संत इग्नाती यांच्या येशूसंघाचाच नियम आपण स्वीकारावा. याचा अर्थ असा कीं, या स्त्रिया मठांत बंद राहणार नव्हत्या, ठराविक झगा घालणार नव्हत्या, आणि त्यांची मुख्य अधिकारी स्त्रीच असून ती थेट पोपमहाशयांच्या आज्ञेंत राहणार होती. ट्रेंटच्या परिषदेनें १५६३ सालीं जोगिणींस मठाबाहेर पडण्याची मनाई केली होती. त्यामुळें ही मागणी अनेकांस उद्धटपणाची वाटली. विरोधकांनीं त्यांस 'चौखूर उधळणाऱ्या पोरी' असें हिणविलें.

१६१७ सालीं एका येशूसंघी धर्मगुरूंचा एक शेरा त्यांच्या कानीं आला. या बायांचा उत्साह तूर्त मोठा दिसतो खरा, पण तो ओसरेल. अखेर त्या बायकाच, असा त्याचा भावार्थ होता. त्यावर मेरीबाईंनीं आपल्या सहकारिणींस जें सांगितलें, तें मनन करण्याजोगें आहे. पत्नीनें पतीच्या आज्ञेंत राहावें, संस्कार देणें व मंदिरांत प्रवचन करणें हीं पुरुषांचीं कामें होत, हें त्यांस मान्य होतें. परंतु स्त्रीच्या हातून थोर कार्य होऊं नये, असा भेद देवानें पुरुष व स्त्री यांच्यांत ठेविलेला नाहीं. उत्साह ओसरतो, तो आपण स्त्रिया आहों म्हणून नव्हे, तर आपण अपूर्ण आहों व सत्याची कास सोडतों म्हणून. सत्य पुरुषांचें नाहीं, स्त्रियांचेंही नाहीं. तें प्रभूचें आहे. पुढील काळीं स्त्रिया पुष्कळ कार्य करतील, अशी आशाही त्यांनीं बोलून दाखविली.

१६२१ च्या हिवाळ्याच्या तोंडीं त्या पायीं रोमकडे निघाल्या व आल्प्स पर्वत ओलांडून नाताळच्या आदल्या दिवशीं तेथें पोहोंचल्या. रोम, नेपल्स, पेरूजा, पुढें म्युनिक व व्हिएन्ना येथें त्यांच्या शाळा निघाल्या. परंतु रोमची संमति मिळाली नाहीं. १३ जानेवारी १६३१ च्या आज्ञापत्रानें पोप आठवे उर्बन यांनीं संघ मोडून टाकला. स्त्रीजातीच्या दुर्बलतेस न शोभणारीं कामें या स्त्रियांनीं अंगावर घेतलीं, असा त्यांत ठपका होता. फेब्रुवारींत मेरीबाईंस पाखंडी ठरवून म्युनिकच्या एका मठांत कैदेंत ठेवण्यांत आलें. तेथून त्या लिंबाच्या रसानें पत्रें लिहीत. कागद ऊन केला म्हणजे अक्षरें उमटत. त्या मरणोन्मुख झाल्या, तेव्हां शेवटच्या तैलाभ्यंगापूर्वीं धर्माविरुद्ध कांहीं केलें असल्यास पश्चात्ताप होतो, अशा कागदावर सही मागण्यांत आली. निरपराध सहकारिणींवर त्यामुळें डाग येईल म्हणून त्यांनीं सही नाकारली, आणि ख्रिस्तसभेवरील आपली निष्ठा स्वतःच्या शब्दांत लिहून दिली. देवकृपेनें त्या बऱ्या झाल्या, सुटल्या, आणि त्या पाखंडी नाहींत हें पोपमहाशयांनींही मान्य केलें. ३० जानेवारी १६४५ रोजीं यॉर्कनजीक त्या निवर्तल्या, तेव्हां त्यांचें कार्य जगाच्या दृष्टीनें फसलेलेंच होतें.

परंतु बीज मेलें नव्हतें. १७०३ सालीं पोप अकरावे क्लेमेंट यांनीं संघाचे नियम मान्य केले. तरीही मेरीबाईंस संस्थापिका म्हणण्याची मनाई राहिली. ती १९०९ सालीं पोप दहावे पायस यांनीं उठविली. १९ डिसेंबर २००९ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं त्यांस 'पूज्य' ही पदवी दिली. याच परंपरेंतील लोरेटो भगिनी १८४१ सालीं कलकत्त्यास आल्या, व म्युनिकजवळील भगिनी १८५३ सालीं पाटण्यास. कलकत्त्याच्या संत तेरेसा याही १९४८ पर्यंत लोरेटो संघांतच होत्या.

बंधुभगिनींनो, या बाईंस जें सोसावें लागलें, तें परक्यांकडून नव्हे, तर आपल्याच घरांतून सोसावें लागलें. हें लपविण्यांत धर्माचें भूषण नाहीं. त्यांनीं ख्रिस्तसभा सोडली नाहीं, आणि आपला आग्रहही सोडला नाहीं. ख्रिस्तांत पुरुष व स्त्री हा भेद उरत नाहीं, असें संत पौलानें गलतीकरांस सांगितलें. तें पटण्यास आपल्याच माणसांस किती काळ लागला, हें या चरित्रावरून दिसतें. आपल्या घरीं मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न निघतो, किंवा धर्मग्रामाच्या सभेंत एखादी भगिनी आपलें मत मांडूं लागते, त्या वेळीं 'अखेर बायकाच' हे शब्द आपल्याही मनांत उठत नाहींत ना, हें प्रत्येकानें तपासून पाहावें. ज्युबिलीचें वर्ष हें अंतःकरणशुद्धीचें वर्ष होय. ती शुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.