भोपळ्यातला दिवा आणि विसरलेले पितर

परभाषा शिकवायला दूरदेशी गेलेला शिक्षक बरोबर केवळ व्याकरण आणि शब्दकोश नेत नाही. त्याच्या पोतडीत त्याच्या गावचे सणवारही असतात. विद्यार्थ्यांना क्रियापदे चालवायचा कंटाळा आला की तो हळूच एखादा सण बाहेर काढतो. हे निरागस वाटते, आणि बहुधा निरागसच असते. तरीही पोतडीतून सणाचा कोणता भाग बाहेर येतो आणि कोणता तळाशी राहतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. जपान, गोवा आणि आमचे विलेपार्ले अशा तीन ठिकाणांच्या आधारे आम्ही तो येथे विचारू पाहतो.

जपान सरकारने 1987 साली 'जेट' या नावाने ओळखला जाणारा उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून 848 तरुण-तरुणी तिकडे गेले. त्यांतील बहुतेकांचे काम शाळांतून जपानी शिक्षकाच्या जोडीने इंग्रजी शिकवण्याचे. अशा शिक्षकाला ऑक्टोबरअखेरचा हॅलोविन हाताशी असलेले उत्तम साधन वाटला, यात नवल नाही. त्यात भोपळा आहे, चेटकीण आहे, वटवाघूळ आहे, मुखवटे आणि गोळ्या आहेत. म्हणजे शब्दसंग्रह, हस्तकला आणि खेळ एकाच तासात उरकतात. संभाषणवर्गांनीही तेच केले, आणि बाजार मागे राहिला नाही. 1997 साली टोकियोच्या डिस्नेलँडने हॅलोविनचा उत्सव सुरू केला. त्याच वर्षी कावासाकी शहरात वेषधाऱ्यांची मिरवणूक निघू लागली. पुढे शिबुयाच्या चौकात इतकी झुंबड उडू लागली की 2019 मध्ये तेथे त्या दिवसांत रस्त्यावर मद्यपानाला बंदी करावी लागली, आणि 2023 मध्ये हॅलोविनसाठी येथे येऊच नका, असे खुद्द तेथील महापौरांनी सांगितले.

या सगळ्या प्रवासात मागे राहिले ते मेलेले लोक. हॅलोविन म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या. 1 नोव्हेंबर हा संतांचा दिवस युरोपात नवव्या शतकापर्यंत रूढ झाला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सांध्यावर क्लूनी मठाच्या ओदिलोने 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरवला, आणि तो पुढे सर्वत्र पसरला. त्यामागे आयर्लंड-स्कॉटलंडकडील हिवाळ्याच्या तोंडाशी येणारा 'साविन' हा जुना सण उभा आहे. त्या रात्री या आणि त्या जगामधला पडदा विरळ होतो, अशी लोकांची समजूत. इंग्लंडात गोरगरीब दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि मोबदल्यात त्यांना गोड भाकरीसारखा 'आत्म्याचा केक' मिळे. गोळ्या मागत फिरणाऱ्या आजच्या मुलांचे हे दूरचे पूर्वज होत. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या चर्चने शुद्धिस्थानाची कल्पना नाकारली आणि मृतांसाठी प्रार्थना करण्याचे प्रयोजनच उरले नाही. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी सण अमेरिकेला नेला. तिथे कोरायच्या सलगमाची जागा भोपळ्याने घेतली, आणि विसाव्या शतकात तो मुलांचा खेळ झाला. जपानच्या वर्गात पोहोचला तो हा उरलेला भाग.

जपानला मृतांचा सण ठाऊक नव्हता असे मात्र नाही. तिथे उन्हाळ्यात, काही भागांत जुलैत आणि बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर, ओबोन येतो. पितर घरी येतात म्हणून दारात विस्तव पेटवतात, आणि निरोपाला कुठे कुठे नदीत दिवे सोडतात. काही घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. घोडा अशासाठी की पितरांनी लवकर यावे. गाय अशासाठी की जाताना त्यांनी रमतगमत जावे. एवढी कोवळी कल्पना ज्यांच्या घरी आहे त्या मुलांना कागदाचा भोपळा कापायला देताना 'तुमच्याकडचे मेलेले कधी येतात?' एवढा एक प्रश्न विचारला, तर इंग्रजीचा तास कितीतरी मोठा झाला असता.

हा प्रश्न पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तो विद्यार्थ्यांनीच विचारला होता. त्या हकिकतीचा आरंभ गोव्यात होतो. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक सामुराई हातून मनुष्यवध घडल्यामुळे पोर्तुगीज जहाजावरून पळाला. 1547 मध्ये मलाक्का येथे त्याची आणि फ्रान्सिस झेवियरची गाठ पडली. पुढच्या वर्षी तो गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच काळात तो पोर्तुगीज लिहू-वाचू लागला. आमच्या किनाऱ्यावर परभाषा शिकलेला हा जपानी विद्यार्थी. 15 ऑगस्ट 1549 रोजी त्याच्यासोबत झेवियर कागोशिमाला उतरला, तेव्हा गुरुशिष्यांच्या भूमिका पालटल्या होत्या. आता भाषा आंजिरोची होती. त्याने देवासाठी 'दाइनिची' हा शब्द सुचवला. तो एका बौद्ध पंथाचा महाबुद्ध निघाला, तेव्हा झेवियरने तो टाकून 'देउस' हा परका शब्दच वापरायला आरंभ केला.

शब्दाची अडचण अशी सुटली, पण पितरांची सुटली नाही. जानेवारी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात झेवियर सांगतो की नव्याने ख्रिस्ती झालेल्या जपान्यांना एकाच गोष्टीचे अतोनात दुःख होते. त्यांचे आईबाप आणि पूर्वज नव्या धर्माचे नावही न ऐकता गेले; दानधर्माने, प्रार्थनेने त्यांची नरकातून सुटका होईल काय, असे ते विचारत. त्याने उत्तर दिले, नाही. ते रडले, आणि ते पाहून आपल्यालाही वाईट वाटले, असे तो लिहितो. यातला विरोधाभास बोचरा आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस झेवियरच्या चर्चपाशी होताच. पण त्या दिवसाच्या पंक्तीत या विद्यार्थ्यांच्या पितरांना पान नव्हते.

विलेपार्ल्यातील एका चर्चला याच झेवियरचे नाव आहे, म्हणून ही हकिकत आम्हांला परकी वाटत नाही. 1534 च्या वसईच्या तहाने साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेले आणि येथील गावठाणांतून ख्रिस्ती वस्ती वाढली. 1887 पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवणारा हा समाज घरात मराठीचीच एक बोली बोलत आला. 2 नोव्हेंबरला या मंडळींत थडगी झाडून-धुऊन त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. म्हणजे हॅलोविनचे जे अंग जपानी वर्गात पोहोचले नाही, ते या परिसरात शतकानुशतके नांदत आहे. फक्त त्याला भोपळा नाही. अलीकडे उपनगरांतील काही इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांत मुले चेटकिणीची टोपी घालून येतात, तेव्हा त्या टोपीचे आणि शेजारच्या मेणबत्तीचे नाते त्यांना कोणी सांगत असेल काय, याची शंका वाटते.

येथे 'परकीय सणांचे आक्रमण' म्हणून बोटे मोडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही, कारण आपल्या घरचा हिशेबही फारसा वेगळा नाही. भाद्रपद अमावास्येला सर्वपित्री होते. पार्ल्याच्या गच्च्यांवर खीर-वड्यांचा घास ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. बरोबर एका महिन्याने दिवाळीची अमावास्या येते. महालयात आलेले पितर या सुमारास परत निघतात आणि त्यांना वाट दिसावी म्हणून जळती चूड दाखवावी, असे धर्मग्रंथ सांगतात. त्याला उल्कादान म्हणतात. धनत्रयोदशीचा दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा यमासाठी असतो. उंच टांगलेल्या आकाशदिव्याचा संबंधही पितरांशी सांगितला आहे. 'माझा आवडता सण' या निबंधात यातले काय उरते? फराळ, किल्ला, नवे कपडे. आम्ही आपल्या मुलांना आपलीच दिवाळी अशी शिकवली आहे, जशी त्या परदेशी शिक्षकांनी जपानी मुलांना हॅलोविन शिकवली: गोड, रंगीत आणि पितरांवाचून.

वर्गात मृत्यू नको, असे म्हणण्यामागे मुलांविषयीची माया असते. पण मुलांच्या घरीही आजोबा जातात, भिंतीवर हार घातलेली तसबीर लागते. जपानमधल्या त्या नवख्रिस्ती विद्यार्थ्यांनी गुरूला नेमका विचारावा तोच प्रश्न विचारला होता: तुझ्या सणात आमच्या माणसांना जागा आहे का? झेवियरचे उत्तर कठोर होते. पण त्याने प्रश्न ऐकला, आणि विचारणाऱ्यांचे रडणेही लिहून ठेवले. चार शतकांनंतरच्या वर्गांत तो प्रश्नच उद्भवणार नाही अशी व्यवस्था झाली. उत्तर न देणे हे कठोर उत्तरापेक्षा सौम्य दिसते खरे, पण त्यात शिकवणे कमी असते. भोपळ्यात असो वा कंदिलात, दिवा कुणाला वाट दिसावी म्हणून लावला होता, एवढे तरी शिकवणाऱ्याने सांगावे.