सांध्यातले विष

घरच्या घरी तांब्याची छोटी भट्टी घडवणाऱ्याचे खरे कसब भांड्यात दिसत नाही, सांध्यात दिसते. भांडे म्हणून एखादे जुने तपेलेही चालून जाते. पण तपेल्यावर घट्ट बसणारे झाकण, झाकणातून वर निघणारी मान, मान आणि थंड पाण्यातली वेटोळी नळी यांना जोडणारी कडी हे सगळे मापात घडवावे लागते, कारण वाफ तिथूनच निसटते. दारू गाळण्याच्या इतिहासावर बोलताना आपण मोह, काजू, ऊस यांच्याविषयी बोलतो, जकात-अबकारीविषयी बोलतो, पिणाऱ्यांच्या घरांच्या झालेल्या नासाडीविषयी बोलतो. सांधा कशाचा होता, हे सहसा कोणी विचारत नाही. मला तो प्रश्न मध्यवर्ती वाटतो. गेल्या तीनशे वर्षांतला पुरावा पाहिला, तर भट्टीतून माणसाच्या अंगात गेलेले शिसे हे गाळण्याच्या क्रियेतून आलेले नाही, ते सांध्यातून आणि नळीतून आले. आणि भट्टीला चांगला कारागीर मिळेनासा झाला, तिथे ते आणखी वाढले.

तांब्याची परंपरा फार जुनी आहे. इजिप्तमधला किमयागार झोसिमस याने इसवी सन 300 च्या सुमारास लिहिलेल्या मजकुरात मारिया नावाच्या, आपल्याआधी होऊन गेलेल्या किमयागार स्त्रीच्या तीन नळ्यांच्या यंत्राची कृती दिली आहे. तांब्याचा पत्रा पिटून नळ्या करायच्या. पत्रा किती जाड घ्यायचा, तर मिठाई करणाऱ्याच्या कढईपेक्षा किंचित जाड. आणि जोड पिठाच्या लगद्याने बंद करायचे. घडवलेल्या तांब्याच्या सुट्या भागांचे इतके तपशीलवार जुने वर्णन क्वचितच सापडेल, आणि त्यात सांध्याला धातू नाही, पीठ आहे. गोव्यात काजूच्या रसाची हुराक आणि फेणी गाळताना भाण म्हणजे उकळण्याचे भांडे आणि लावणी म्हणजे गाळलेली दारू जमा होणारे भांडे यांच्यातला जोड ओल्या मातीने आणि चिंधीने लिंपण्याची रीत याच जातीची. भाण आधी मातीचे असे, पुढे तांब्याचे झाले. लावणी थंड राहावी म्हणून तिच्यावर सतत पाणी ओतत राहायचे, आणि लिंपण सुकून तडकले की पुन्हा हात फिरवायचा. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, पण लिंपणाची युक्ती त्याच्याही आधीची आहे, कारण माडाची दारू गोव्यात तेव्हाही गाळली जात होती. या लिंपणाला मागासलेपणाची खूण समजणे चूक आहे. पीठ किंवा माती वाफेत काही विषारी सोडत नाही आणि आतला दाब वाढला तर सगळ्यात आधी तोच सांधा सुटतो, भांडे फुटत नाही. दर वेळी यंत्र उघडून धुता येते, हा तिसरा फायदा.

मग शिसे आले कुठून? घाईतून आणि स्वस्ताईतून. तांबे 1085 अंश सेल्सियसला वितळते, शिसे 327 अंशांना, आणि शिसे-कथिलाचा नेहमीचा डाख त्याहूनही कमी, 183 अंशांच्या आसपास. घरातल्या चुलीवर तापवलेल्या लोखंडानेही असा डाख लागतो. शिवाय शिसे हाताने वळते, त्यामुळे वेटोळी नळी करायला ते सोयीचे. मॅसॅच्युसेट्समध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅरिबियन बेटांवरून येणाऱ्या काकवीपासून रम गाळण्याचा धंदा फोफावला, तेव्हा अनेकांनी भट्टीचे डोके आणि वेटोळी शिशाची, किंवा शिसे मिसळलेल्या हलक्या मिश्रधातूची केली. ही रम उत्तर कॅरोलिनात विकली जाई. ती पिणाऱ्यांच्या पोटात मुरडा धरे, शौचाला होत नसे आणि हातपाय लुळे पडत. तिथून तक्रार आली, वैद्यांनी बोट शिशाकडे दाखवले, आणि 1723 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने शिशाच्या डोक्यातून वा नळीतून गाळण्याला मनाई करणारा कायदा केला. पुढे 1786 मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने एका मित्राला शिशाच्या दुष्परिणामांविषयी सविस्तर पत्र लिहिले, त्यात लहानपणी बॉस्टनमध्ये ऐकलेली ही हकीकत सांगितली आहे. या कायद्याची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याने रम बंद केली नाही, धातू बंद केला. बंधन गाळणाऱ्यावर होते तसे भाग घडवून देणाऱ्या कारागिरावरही होते. म्हणजे दोष नेमका कुठे आहे हे त्या मंडळींनी ओळखले होते आणि ज्याच्या हातून तो होतो त्यालाच उत्तरदायी धरले होते.

इथे कोणी म्हणेल, तांबेही काही निरुपद्रवी नाही. खरे आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांतल्या बायकांना रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. म्हणून तर कल्हईवाला दारात आला की भांडी बाहेर निघत. आंबलेला रस आम्लधर्मी असतो, त्यामुळे भट्टीच्या तांब्यावरही हिरवा थर धरतो. पण तांबे आणि शिसे यांत एक मूलभूत फरक आहे. तांबे उतरले तर द्रव निळसर-हिरवट दिसतो, चव तुरट आणि धातूसारखी लागते, मळमळते. माणूस थांबतो. शिसे आणि व्हिनेगरमधले आम्ल यांच्या संयोगाने होणारा क्षार मात्र रंगहीन असतो आणि चवीला गोड लागतो. तो कोणालाच थांबवत नाही, आणि वर्षानुवर्षे हाडांत साठत जातो. शिवाय भट्टीत तांब्याचे खास काम आहे. आंबवणाऱ्या किण्वापासून निघणारी गंधकाची दुर्गंधी संयुगे तांब्याचा पृष्ठभाग धरून ठेवतो, म्हणून काचेतून किंवा स्टीलमधून गाळलेल्या दारूपेक्षा तांब्यातून गाळलेली स्वच्छ लागते. मोठ्या व्हिस्की कारखान्यांतही मुख्य भांडी आजवर तांब्याचीच राहिली, त्याचे हे एक कारण. वापरानंतर घासून लख्ख केले की काम भागते. शिशाला घासून उपाय नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. कारागिरी उजेडात असली की विष टळते असे म्हणावे, तर डेव्हनचे काय? इंग्लंडमधल्या या परगण्यात सफरचंदाची साईडर राजरोस होत होती, आणि तरीही तिथले शेतकरी पोटशुळाने आणि लकव्याने हैराण होते. जॉर्ज बेकर या वैद्याने 1767 मध्ये दाखवून दिले की डेव्हनच्या घाण्यांच्या दगडी कुंड्यांचे जोड शिशाने भरलेले होते, काही ठिकाणी दाबयंत्रालाच शिशाचा पत्रा होता, तर हेरफर्डशायरमध्ये शिसे वापरत नसत आणि तिथे तो आजारही नव्हता. त्याने दोन्हीकडची साईडर तपासली, शिसे फक्त डेव्हनच्या साईडरमध्ये सापडले. डेव्हनच्या बागवाल्यांनी त्याच्यावर आगपाखड केली. म्हणजे उजेड पुरेसा नाही, हे मान्य करायलाच हवे. परंतु हा सगळा शोध कसा लागला ते पाहा. बेकरला दोन परगण्यांतले घाणे बघता आले, विचारता आले, नमुने घेता आले, तुलना करता आली. चोरून चालणाऱ्या भट्टीत यातले एकही पाऊल टाकता येत नाही. आजारी माणूस डॉक्टरला आपण काय प्यायलो ते सांगत नाही, आणि ज्याने नळी झाळली त्याचे नाव तर कोणालाच माहीत नसते.

अमेरिकेतल्या दारूबंदीने हेच घडवले. जानेवारी 1920 ते डिसेंबर 1933 या काळात तांबटाकडे जाऊन भट्टीची मान करून मागणे म्हणजे पोलिसांना पत्ता देण्यासारखेच होते. तेव्हा डोंगरातल्या गाळणाऱ्यांनी मोटारीचा जुना रेडिएटर उचलला. त्यात बारीक नळ्यांचे जाळे आयतेच असते, वाफ झटकन थंड होते. पण ते जाळे शिशाच्या डाखाने झाळलेले असते, आणि गरम, किंचित आम्लधर्मी दारू शेकडो सांध्यांवरून वाहत जाते. देशव्यापी बंदी उठली तरी दक्षिणेकडच्या अनेक भागांत बंदी आणि चोरटी भट्टी दोन्ही राहिली, आणि रेडिएटरही राहिला. अलाबामातल्या डॉक्टरांना चोरट्या दारूमुळे रक्तात शिसे चढलेले रुग्ण 1990-91 मध्येही सापडत होते. अपस्माराचे झटके, रक्तक्षय, गाउट, मूत्रपिंडे निकामी होणे ही सगळी त्याच सांध्यांची देणगी.

आपल्याकडची रेषाही याच दिशेने गेलेली दिसते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि त्यानंतरच्या नियमांनी गाळप गावातून उचलून सरकारी नियंत्रणाखालच्या मोठ्या भट्ट्यांकडे नेले. 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करून बाळगण्यावरही निर्बंध घातले. 1949 च्या दारूबंदी कायद्याने घरगुती भट्टीला उरलासुरला आडोसाही ठेवला नाही. आज पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत येते ते पत्र्याचे पिंप, जर्मनची भांडी, गूळ आणि नवसागर. नवसागर तांब्याला खातो, हे कल्हईवाल्याला माहीत असते, कारण तो त्याच गुणाने भांड्याचा मळ काढतो. हातभट्टीवाल्याला ते माहीत असण्याचे कारण नाही आणि त्याला सांगणारा तांबट त्याच्या आसपास नाही. गोव्यात परवान्याने चालणाऱ्या भट्टीवर मात्र तांब्याचे भाण टिकून आहे. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्यामागे उघडपणे केलेल्या कामाची कित्येक पिढ्यांची साखळी होती.

यावर मालवणीचे उदाहरण पुढे येईल, यायलाच हवे. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली, ती सांध्यामुळे नव्हे, मिथेनॉलमुळे. पण ते मिथेनॉल भट्टीत तयार झालेले नव्हते, कारखान्यात वापरायचे रसायन दारू म्हणून विकले गेले होते. फळांतल्या पेक्टिनपासून थोडे मिथेनॉल आंबताना होते, हे खरे. पण आंबवणात जेवढे आहे त्याहून जास्त भट्टी निर्माण करू शकत नाही. मिथेनॉलचा प्रश्न व्यापाराचा आणि भेसळीचा आहे, शिशाचा प्रश्न कारागिरीचा आहे. दोन्हींना एकच नाव देऊन मोकळे झाल्यामुळे शिसे नजरेआड राहते. गडचिरोलीत 1993 पासून असलेल्या दारूबंदीमागे ज्या बायकांनी जीव ओतला, त्यांच्या दुःखाला माझ्या या विवेचनात बाधा नाही. दारू असावी की नसावी हा त्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. मी फक्त एवढेच म्हणतो की बंदीच्या हिशेबात रक्तातले शिसेही धरले पाहिजे.

हौशी भट्टीचा अलीकडचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. न्यूझीलंडने 1996 मध्ये स्वतःपुरते घरी गाळण्याची मुभा दिली, आणि तिथे नळकामाच्या तांब्याच्या नळ्यांतून भट्ट्या घडू लागल्या. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने दीर्घकाळ मनाईच होती, तरी तिथल्या हौशी गाळणाऱ्याला सुरक्षित डाख मिळाला तो पिण्याच्या पाण्याच्या कायद्यामुळे. 1986 च्या दुरुस्तीने नळकामाच्या डाखात शिसे 0.2 टक्क्यांवर नको असे ठरवले आणि दुकानात कथिलाचा डाख येऊ लागला. मात्र त्याच दुरुस्तीने तयार पितळी जोडांत 8 टक्क्यांपर्यंत शिसे चालू ठेवले, कारण शिशामुळे पितळ यंत्रावर सफाईने कापले जाते. ही मर्यादा पाणी लागणाऱ्या पृष्ठभागासाठी सरासरी 0.25 टक्क्यांवर आली ती 2014 पासून. मधल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत जो दुकानातला पितळी जोड आणून वाफेच्या वाटेवर बसवत होता त्याच्या दारूत शिसे उतरण्याची शक्यता होती, आणि जो नळीचा तुकडा उभा चिरून, तापवून मऊ करून, सपाट पिटून, त्याची कडी वळवून चांदीच्या डाखाने झाळत होता त्याची ती टळत होती. अट एकच, चांदीच्या डाखात कॅडमियम नसावे. जुन्या डाखांत ते सर्रास असे आणि त्याचा धूर झाळणाऱ्याच्याच फुप्फुसात जाई.