शिकलगाराच्या हातचा तंबोरा

मिरजेत सतारमेकर हे आडनाव आहे आणि गल्लीही त्याच नावाची. या घरांचं जुनं आडनाव शिकलगार. तलवारी-भाल्यांना पाणी द्यायचं, धार काढायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. तो सुटला, नवा हाती आला आणि पुढे नवाच धंदा आडनाव होऊन बसला. या बदलाच्या मुळाशी असलेल्या माणसाला मिरजकर अजून आदरानं फरीदसाहेब म्हणतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली. मिरजेला पटवर्धनांचं संस्थान राहिलं, पण लढाया संपल्या आणि शिकलगारांच्या सहाणा थंडावल्या. गाणं मात्र थांबलं नव्हतं. दरबारात गवयांचा राबता होता, मीरासाहेबांच्या दर्ग्यात हजेरी लावायला कलावंत येत. अशाच कुणा गवयाचा मोडका तंबोरा फरीदसाहेबांनी नीट करून दिला, त्यातून हात बसला आणि १८५०च्या सुमारास भावाच्या साथीनं त्यांनी स्वतः वाद्यं घडवायला घेतली, असं सांगतात. शस्त्रं सोडून सूर धरले, ही गोष्ट ऐकायला जरा जास्तच गोड आहे. पण कारागिराच्या नजरेनं पाहिलं तर त्यात नवल नाही.

कारण तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्यावरचा तो किंचित उतरता पृष्ठभाग. त्याच्यावर तार नुसती टेकत नाही, घासत कंप पावते. मध्ये सुताचा एक दोरा सरकवला की आवाज उमलतो आणि सुराभोवती दुसरे सूर घुमू लागतात. हा उतार कानशीनं काढायचा. एक हात जास्त फिरला की आवाज बसका, कमी पडला की खरखर. कानशीखाली किती गेलं हे अंदाजानं ओळखणारा हात शिकलगाराकडे आधीपासून होता. कान तयार करावा लागला तेवढाच.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून. तो कडू, खाण्याच्या कामाचा नाही. वेलावर पिकून, वाळून टणक झाला की मिरजेला पोचतो. मग त्याचं तोंड कापायचं, गर-बिया काढायच्या, पाण्यात भिजवून आतून काठ्यांचा ताण देत आकार धरायचा. वर तुणाच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली. मोठा तंबोरा मर्दानी, लहान जनानी. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. भोपळा एकाचा, नक्षी दुसऱ्याची, पॉलिश तिसऱ्याचं. जवारी मात्र घरातल्या जाणत्याकडे. त्यामुळे फरीदसाहेबांचा वारसा म्हणजे काका, भाऊ, पुतणे यांनी भरलेला कारखाना. पोरांचं शिक्षण तिथंच झालं, भुशात बसून.

आणि गिऱ्हाईक तरी कसं! बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत गाणं शिकवत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडेच घडले. पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करता येत, जवारीची पारख पक्की. असा माणूस गावात राहत असताना कच्चं काम खपवणं कठीणच. १९३७ मध्ये ते गेले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्याच आवारात आहे आणि दरसाल उरुसाला कलावंत तिथं गायला येतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं कौतुक आहेच, पण गल्लीला काळजी वेगळी. खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला ना भोपळा लागतो, ना जवारी. पोरांनाही या बैठ्या कामापेक्षा नोकरी बरी वाटते.

तरी तार रोज घासते, घोडीवर खाच पडते आणि घुमारा मावळतो. मग तंबोरा गवसणीत घालून गवई मिरजेची वाट धरतो. दुकानात घोडी उतरवली जाते, कानस फिरते, तार चढते, दोरा सरकतो. छेडून पाहायचं, पुन्हा उतरवायचं. समोर बसलेला गवई मान हलवीपर्यंत हेच चालतं.