सोमनाथची छावणी ते मेंढा गावाचे जंगल : स्वयंसेवेतून घडलेल्या स्वराज्याची कथा

#थ्रेड #इतिहास

१/
२७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाची एक छोटी गोंड वस्ती आहे. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण तेथे आले आणि त्यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तिका देण्यात आली. तोवर हे परवाने देण्याचा अधिकार वन विभागाकडे होता.

२/
हा दिवस एका कायद्यामुळे उजाडला, हे खरेच. परंतु तो कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव आपले जंगल राखीत होते. ती तयारी कोठून आली? या प्रश्नाचा माग काढत गेले की वाट विदर्भातील तरुणांच्या उन्हाळी छावण्यांपर्यंत पोहोचते.

३/
सन १९६७. चंद्रपूर जिल्ह्यातील मूलजवळचे सोमनाथ. आनंदवनात कुष्ठमुक्तांच्या हातांनी माळरान हिरवे करणाऱ्या बाबा आमटे यांनी येथे महाविद्यालयीन तरुणांची श्रमछावणी भरवली. विदर्भातला मे महिना, डोक्यावर ऊन आणि हातात कुदळ-फावडे. बांध घालायचे, माती उचलायची आणि उरलेल्या वेळात देशाच्या प्रश्नांवर बोलायचे, असा हा क्रम होता.

४/
या छावणीचे मोल तेथे उचललेल्या मातीच्या घमेल्यांत मोजता येत नाही. शहरातल्या मुलाने आयुष्यात प्रथमच कुष्ठमुक्त माणसाच्या शेजारी उभे राहून काम करावे, त्याच्याच पंक्तीत जेवावे, हा खरा धडा होता. महाराष्ट्रातील पुढच्या अनेक सामाजिक कार्यकर्त्यांच्या जडणघडणीत सोमनाथचा उल्लेख येतो, तो यामुळेच.

५/
त्याच सुमारास शासनानेही ही कल्पना उचलली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत होते. वृक्षारोपण, श्रमदान आणि ग्रामसफाई महाविद्यालयीन जीवनाचा भाग बनली.

६/
मात्र अशा सर्वच शिबिरांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दहा दिवसांनी विद्यार्थी घरी जातात. लावलेल्या रोपाला अकराव्या दिवशी पाणी कोणी घालायचे? ज्या गावाने ते रोप मागितलेच नव्हते, ते गाव त्याची राखण का करील? स्वयंसेवा आणि राखणदारी यांच्यामधले अंतर ते हेच.

७/
हे अंतर ओलांडणारी पिढी आणखी एका प्रवाहातून आली. १ जानेवारी १९७५ रोजी जयप्रकाश नारायण यांनी छात्र युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली. ती पक्षांपासून अलिप्त होती आणि तिशी ओलांडलेल्यांना तीत सदस्यत्व नव्हते. चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल याच प्रवाहातले. आडनाव टाकून आई आणि वडील या दोघांची नावे लावणे, हाही त्याच काळाचा संस्कार.

८/
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच काळात गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशा दोन मोठ्या धरणांच्या योजना पुढे सरकत होत्या. ती झाली असती, तर आदिवासींची गावे आणि घनदाट अरण्य यांचा मोठा पट्टा पाण्याखाली गेला असता.

९/
त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि गोंड समाजाचे नेते लालशाम शाह महाराज त्याच्या अग्रभागी होते. घोषणेतले दोन्ही शब्द महत्त्वाचे. जंगल वाचवायचे म्हणून माणसाला बाहेर काढायचे नाही आणि माणसाच्या विकासाच्या नावाखाली जंगल बुडवायचे नाही, अशी ही दुहेरी भूमिका होती.

१०/
बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी पत्रव्यवहार केला. विरोध वाढत गेला आणि दोन्ही प्रकल्प मागे पडले. आंदोलन जिंकले होते. इतिहासातल्या बहुतेक आंदोलनांची गोष्ट येथे संपते. झेंडे गुंडाळले जातात, कार्यकर्ते पांगतात.

११/
या वेळी काही तरुणांच्या मनात प्रश्न उरला. धरण टळले, पण उद्याचे काय? जंगल अजूनही सरकारचे आणि गावाला मात्र त्यात चोरासारखे शिरावे लागते. जमीनदारीच्या काळात गावांना जंगलातून लाकूडफाटा, गवत, फळे नेण्याचे निस्तार हक्क होते. जमीनदारी गेल्यावर जंगल शासनाकडे आले आणि ते हक्क हळूहळू आक्रसत गेले.

१२/
आंदोलनातून एक घोषणा पुढे आली होती : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ १९८४ मध्ये ‘वृक्षमित्र’ ही संस्था सुरू करणारे मोहनभाऊ आणि त्यांचे सहकारी ही घोषणा प्रत्यक्षात जगू पाहणाऱ्या गावाच्या शोधात होते. तो शोध मेंढा गावाशी आणि देवाजी तोफा या तरुण गोंड कार्यकर्त्याशी येऊन थांबला.

१३/
येथे स्वयंसेवकाची भूमिकाच बदलली. ‘गाव सुधारण्यासाठी’ आलेला कार्यकर्ता सहसा योजना घेऊन येतो, निधी आणतो आणि नकळत गावाचा पुढारी होतो. मोहनभाऊंनी योजनाही आणली नाही आणि निधीही. ते शिकण्यासाठी आले आणि गावानेही आपल्याबरोबर शिकावे, एवढेच त्यांनी सुचवले. त्यातून ‘अभ्यासगट’ जन्मला.

१४/
अभ्यासगट आणि ग्रामसभा यांतला भेद समजल्याशिवाय मेंढा समजत नाही. अभ्यासगटात कोणीही बसावे, मग तो बाहेरचा पाहुणा असो, शासकीय कर्मचारी असो वा गावातला पोरगा. वन कायदा काय म्हणतो, निस्तार म्हणजे काय, पैसा कोठून येतो, यांवर हवी तितकी चर्चा करावी. तेथे निर्णय मात्र होत नाही. निर्णय घेते ग्रामसभा आणि तेथे बाहेरच्याला मत नसते.

१५/
ग्रामसभेतला निर्णयही बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचे. दारूच्या प्रश्नावर गावाला असेच दीर्घकाळ बोलत राहावे लागले. स्त्रिया बैठकीत येऊन बसू लागल्या, तेव्हा त्या चर्चेचे वजन बदलले. वेळ पुष्कळ गेला, परंतु सर्वांनी मान्य केलेला नियम मोडायला कोणाजवळ सबब उरली नाही.

१६/
गोंड समाजात तरुणांची स्वतःची जुनी संस्था होती : घोटूल. तेथे तरुण मुले-मुली एकत्र येत, गाणी-नृत्य शिकत, वडीलधाऱ्यांकडून रीतिरिवाज समजून घेत. बाहेरच्या जगाच्या कुचेष्टेमुळे ती लोपत चालली होती. मेंढा गावाने जंगलातले लाकूड आणून घोटूल पुन्हा उभारला. वन विभागाने तो पाडला. तेव्हा परिसरातील इतर गावांनीही आपापले घोटूल बांधून त्याला उत्तर दिले.

१७/
या प्रसंगात मुख्य धागा सापडतो. शहरी छावणीने तरुणांना गाव दाखवले. घोटुलाने गावातल्या तरुणांना त्यांचीच मुळे दाखवली. नेतृत्व बाहेरून आणावे लागले नाही. ते गावात होतेच, त्याला बसायला जागा आणि बोलायला विषय हवा होता.

१८/
मग जंगल राखण्याचे नियम ठरले. गरजेपुरतेच लाकूड आणायचे. फळांसाठी झाड तोडायचे नाही. वणवा लागला तर सर्वांनी धावायचे. मध काढताना मोहोळ जाळायचे नाही, माश्या जगतील अशा रीतीने काढायचे. राखणीसाठी गावकऱ्यांनी जंगलात फेऱ्या सुरू केल्या. कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीलाही गावाने हरकत घेतली.

१९/
१९९० च्या दशकात संयुक्त वन व्यवस्थापनाची योजना आली. तिचा रोख उजाड झालेल्या वनांवर होता. मेंढ्याचे जंगल तर उभे होते! जंगल राखले म्हणून योजनेतून वगळायचे, हा न्याय गावाला पटला नाही. पाठपुरावा करून मेंढा गावाने त्या योजनेत आपली जागा मिळवली.

२०/
२००६ चा वनहक्क कायदा आला, तेव्हा इतर गावे त्याचा अर्थ शोधत होती. मेंढा मात्र तयार होते. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि देशातील अशा पहिल्या गावांत त्यांची गणना झाली. मेंढा गावाकडे आलेले क्षेत्र होते सुमारे १८०० हेक्टर.

२१/
तरीही बांबू अडलाच. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार बांबू ‘वृक्षा’त मोडत होता. नवा कायदा मात्र त्याला गौण वनोपज मानत होता. हक्क कागदावर मिळाला, पण परवान्यावाचून माल गावाबाहेर नेता येईना. ही कोंडी फुटली ती २७ एप्रिल २०११ रोजी. पुस्तिका लहान, परंतु तिच्यामागे अडीच-तीन दशकांचा अभ्यास उभा होता.

२२/
२०१३ मध्ये गाव आणखी पुढे गेले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ याचा आधार घेऊन शेतजमिनीची खासगी मालकी ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय झाला. विनोबांच्या काळात गाजलेली आणि नंतर विस्मरणात गेलेली कल्पना एका गोंड गावाने पुन्हा हाती घेतली. हा निर्णयही सर्वसहमतीनेच झाला.

२३/
हे चित्र निर्दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. सर्वसहमतीला वेळ लागतो. शिकलेली मुले नोकरीसाठी बाहेर पडतात. जंगलाची राखण हे कधीही पूर्ण न होणारे काम आहे, कारण प्रत्येक पिढीला ते नव्याने शिकावे लागते. आज गडचिरोली जिल्ह्यातील एक हजारांहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. पण हक्क मिळवणे आणि तो पेलणे यांत अंतर असतेच.

२४/
म्हणूनच या इतिहासाचा धडा नेमका समजून घ्यायला हवा. सोमनाथच्या छावणीत माती उचलणाऱ्या विद्यार्थ्यांनी मेंढ्याचे जंगल वाचवले नाही. ते मेंढ्याच्या लोकांनीच वाचवले. मात्र त्या छावण्यांच्या आणि आंदोलनांच्या काळाने घडवलेल्या काही तरुणांना एवढे कळले होते की दहा दिवसांचे काम संपल्यावर थांबायचे, बसायचे आणि ऐकायचे असते.

२५/
स्वयंसेवेतून नेतृत्व घडते, हे वाक्य आज प्रत्येक शिबिराच्या उद्घाटनात ऐकू येते. मेंढ्याचा इतिहास त्यात एक अट घालतो. जो कार्यकर्ता स्वतःची गरज संपवतो, त्याच्याच कामातून राखणदार घडतात. रोप लावणारा हात निघून गेल्यावर, अकराव्या दिवशी, पाणी घालायला गाव आपणहून उठते की नाही, हीच त्या कामाची खरी परीक्षा.

(समाप्त)