दोन सूर्योदयांचा प्रवास

विमानाने लांब निघालेल्या माणसाला आपण विचारतो, ‘किती तास लागतात?’ किती किलोमीटर, हे सहसा कुणी विचारत नाही. खरे तर अंतर आहे तेवढेच राहते, तास बदलतात. ते किती बदलू शकतात याची ही एक हकिगत.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे पर्थ आणि श्रीलंकेत गॉलजवळचे कोग्गला यांच्यामध्ये हिंदी महासागराचे सुमारे ५,६५० किलोमीटर पाणी आहे. आजच्या जेट विमानाला एवढ्या अंतरासाठी सात-आठ तास पुरतात. १९४३ साली २७ ते ३३ तास लागत आणि वाटेत थांबायला जागाच नव्हती.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडकडे जाणारी हवाई वाट तुटली. ती जोडण्यासाठी क्वांटास कंपनीने १९४३ मध्ये कॅटालिना जातीची, पाण्यावर उतरणारी विमाने या मार्गावर आणली. पर्थची स्वान नदी आणि कोग्गलाचा तलाव हेच त्यांचे विमानतळ. तिथून पुढे कराचीमार्गे लंडन गाठता येई.

विमानाचा वेग तासाला जेमतेम २०० किलोमीटर. इंधनच इतके भरावे लागे, की प्रवासी फक्त ३ आणि टपाल सुमारे ६९ किलो. जवळ शस्त्र नाही. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओही मुका. जपानी विमानांच्या टप्प्यातला पट्टा रात्रीच्या अंधारात ओलांडायचा आणि दिशा ताऱ्यांवरून ठरवायची. म्हणून पाचही विमानांना ताऱ्यांचीच नावे दिली होती. आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे तर श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा!

एका उड्डाणात प्रवाशांना दोनदा सूर्योदय दिसे. त्यावरूनच या सेवेला ‘डबल सनराइज’ हे नाव पडले. १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. युद्ध संपल्यावर करारातील अटीनुसार ती विमाने समुद्रात बुडवण्यात आली.

मार्च २०१८ मध्ये पर्थहून लंडनला थेट विमान सुरू झाले. १४,४९८ किलोमीटर, सुमारे १७ तास. म्हणजे पूर्वी नुसत्या कोग्गलाला पोहोचायला जेवढा वेळ लागे, त्याहून कमी वेळात आता लंडन येते. मात्र प्रवासी विमानसेवेत एका दमात हवेत राहण्याचा विक्रम आजही त्या संथ कॅटालिनांच्याच नावावर आहे: ३२ तास ९ मिनिटे.

त्या प्रवाशांना उतरल्यावर एक प्रमाणपत्र मिळे, दोन सूर्योदय पाहणाऱ्यांच्या गुप्त मंडळाचे सभासद झाल्याचे. आज सतरा तासांना कंटाळणाऱ्या आपल्याला ते मिळणे कठीणच!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)